नामिबियात बारा दिवस, भाड्याच्या गाडीने: डिचोलीच्या ताईंना उत्तर

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. गणपतीची चवथ आटोपली की सप्टेंबरात १२ दिवस नामिबियाला जायचं आहे. त्या स्वतः, त्यांचे यजमान, ११ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची. यादीत सोसुसव्लेचं वाळवंट, समुद्रकाठचं स्वाकोपमुंड, एतोशाचं जनावरांचं उद्यान, फिश रिव्हर कॅन्यन आणि जमलंच तर व्हिक्टोरिया धबधबा. प्रश्न दोन: साधी सेडान चालेल का, आणि गोव्यात १५ वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला तिथे जड जाईल का?

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. गाडी चालवणं जड जाणार नाही. तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गाडी काढणाऱ्या माणसाला तिथल्या रस्त्यांवर गर्दी म्हणून काही वाटणारच नाही. जड जाईल ती तुमची यादी. फिश रिव्हर कॅन्यन आणि व्हिक्टोरिया धबधबा आजच खोडून टाका.

मी हे कशाच्या जोरावर सांगतो ते सांगायला हवं. फोंड्याला माझा रेंट-अ-कारचा धंदा आहे, काळ्या पाटीच्या गाड्या. त्याआधी खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक विकले आणि या धंद्यात आलो. नामिबियात दोनदा कुटुंबासह गाडी चालवली, २०१८ साली आणि २०२३ साली. म्हणजे भाड्याच्या गाडीची चावी देणारा हात माझा आहे, आणि परमुलखात ती घेणाराही मी झालो आहे. दोन्ही बाजूंनी जे कळलं ते लिहितो.

आधी अंतराचं बघू. नामिबियाचं क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. आपला गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. त्या देशात २२० गोवे बसतील आणि वर जागा उरेल. माणसं मात्र सगळी मिळून तीसेक लाख, गोव्याच्या जेमतेम दुप्पट. पेडण्याहून काणकोणला निघालो तर शंभरेक किलोमीटरमध्ये आपल्याला दोन मोठ्या नद्या, चार-पाच शहरं आणि मोजता येणार नाहीत इतकी चहाची दुकानं लागतात. तिथे तेवढ्याच अंतरात एकही घर दिसलं नाही, असं आमच्या बाबतीत बऱ्याचदा झालं. गाडी बंद करून खाली उतरलो की कानात स्वतःचंच रक्त वाहताना ऐकू येतं. माझ्या बायकोला पहिल्या दिवशी त्या शांततेची भीती वाटली होती. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, जरा थांबव, ऐकू दे.

अशा देशात दिवसाचा हिशोब उजेडावर बसवायचा. सप्टेंबरात तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साधारण तेवढ्याच वाजता मावळतो. मुख्य डांबरी रस्ते सोडले तर बहुतेक सगळे रस्ते खडीचे. खडीवर ८० च्या वर जायचं नाही, बऱ्याच भाड्याच्या कंपन्या करारातच ते लिहितात. काहींच्या गाडीत वेग ओलांडला की शिट्टी वाजवणारं यंत्र असतं. फोटो काढायला, पाणी प्यायला, मुलाला उतरवायला थांबलात की ताशी सरासरी पन्नासवर येते. म्हणजे ३०० ते ३५० किलोमीटर हा पूर्ण दिवसाचा प्रवास झाला. फिश रिव्हर कॅन्यन राजधानी विंडहुकपासून एका बाजूने साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे आहे. व्हिक्टोरिया धबधब्याच्या वाटेवर नामिबियाच्याच हद्दीतलं कातिमा मुलिलो १,२०० किलोमीटरवर, आणि धबधबा त्याच्याही पुढे दुसऱ्या देशात. सीमा ओलांडायची तर गाडीवाल्याचं वेगळं पत्र लागतं. एवढं सगळं १२ दिवसांत घातलंत तर मुलाच्या आठवणीत तुमच्या डोक्याची मागची बाजू राहील, दुसरं काही नाही.

आणि अंधारात गाडी चालवायची नाही. ही एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. शहराबाहेर रात्री गाडी चालवली आणि काही झालं तर बऱ्याच करारांत विमाच लागू होत नाही, पण खरं कारण जनावरं. मोले-अनमोडच्या रस्त्यावर रात्री दिव्याच्या झोतात एकदम गवा उभा राहतो तेव्हा पोटात कसं होतं ते तुम्हाला माहीत असेल. तिथे कुडू असतो, दोनशे किलोच्या वरचा, उंच पायांचा. तो रस्त्यात उभा राहत नाही, बाजूच्या झुडपातून उडी मारतो. पाय लांब असल्यामुळे त्याचं धड थेट काचेवर येतं. संध्याकाळी पाचच्या आत मुक्कामाला पोचायचं, असा नियम घरातून निघतानाच करा.

आता तुमच्या १२ दिवसांत काय बसतं ते सांगतो. पहिला दिवस विंडहुकला. लांबच्या विमानप्रवासातून उतरून त्याच दिवशी गाडी घेऊन वाळवंटाकडे सुटायचं नाही. विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटर लांब आहे, तिथून हॉटेलच्या गाडीने जा, झोपा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी गाडी ताब्यात घ्या. मग सोसुसव्लेच्या फाटकाजवळचं सेस्रियम, दोन रात्री. तिथून स्वाकोपमुंड, दोन रात्री. मग ट्वायफेलफोन्टेनच्या बाजूला दोन रात्री, एतोशात तीन रात्री, शेवटची रात्र परत विंडहुक. सगळं मिळून सव्वादोन ते अडीच हजार किलोमीटर होतील. मला विचाराल तर ट्वायफेलफोन्टेन गाळून एक-एक रात्र सेस्रियमला आणि स्वाकोपमुंडला वाढवली तरी चालेल, सासूबाईंच्या कंबरेला बरं. पण तिथल्या खडकांवर दोन हजारांहून जास्त कोरीव चित्रं आहेत, २००७ पासून जागतिक वारसा आहे. सांग्यातली कुशावतीच्या काठची उसगाळीमळची चित्रं मुलाला दाखवली असतील तर ही बघून तो उड्या मारेल. नसतील दाखवली तर जाण्याआधी एका रविवारी दाखवून आणा.

सेस्रियमबद्दल एक कामाची गोष्ट. सोसुसव्लेला जायचं फाटक सूर्योदयाला उघडतं. पण त्या फाटकाच्या आत ज्यांचा मुक्काम असतो त्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात. पहिला उजेड टेकड्यांवर पडतो तेव्हा एक बाजू नारिंगी आणि दुसरी काळी, अशी सुरीने कापल्यासारखी धार दिसते. ती अर्ध्या-पाऊण तासात विरते. म्हणून दोन पैसे जास्त गेले तरी आतली जागा घ्या. आतला ६० किलोमीटर रस्ता डांबरी आहे. शेवटचे चार-पाच किलोमीटर मात्र भुसभुशीत वाळू, तिथे फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी लागते. ती चालवायचा सराव नसेल तर उद्यानाची गाडी ने-आण करते, तिच्यात बसा. मी खाणीच्या रस्त्यांवर आयुष्य काढलेला माणूस, तरी पहिल्या वेळी गाडी तिथेच ठेवून त्यांच्या गाडीत बसलो. वाळूत चाकं रुतलेल्या तीन गाड्या येता-जाता बघितल्या. पुढे वाळलेल्या झाडांच्या डेडव्लेपर्यंत वाळूतून चालत जावं लागतं, सासूबाईंना ते जमणार नाही. त्या गाडी थांबते तिथे मोठ्या झाडाखाली सावलीत बसतील, दोघांपैकी एकाने त्यांच्याजवळ थांबा. डेडव्लेतली झाडं बाभळीच्या कुळातली, शेकडो वर्षांपूर्वी नदीची वाट वाळूने अडली तेव्हा वाळली, आणि हवा इतकी कोरडी की अजून कुजलेली नाहीत.

आता सेडान. थोडक्यात सांगायचं तर नको. सप्टेंबर कोरडा असतो, म्हणून उंच चासीची टू-व्हील ड्राइव्ह गाडीही या मार्गावर जाऊ शकते, ते खोटं नाही. पण सेडानचं पोट खडीवर घासतं, आणि गाडीखालचं नुकसान बहुतेक विम्यांत धरत नाहीत. चार माणसं, चार बॅगा, पाणी, म्हातारं माणूस, यासाठी बंद डिकीची मोठी एसयूव्ही बघा. तिथे डबल कॅब हायलक्स सगळीकडे मिळते आणि गाडी उत्तम आहे, पण तिची मागची सीट ताठ असते. ३५० किलोमीटर त्या सीटवर सासूबाईंना बसवू नका. टपावरच्या तंबूचे फोटो बघून मोह होईल, मलाही झाला होता. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ती शिडी नाही झेपत. खोल्या घ्या.

खडीवर गाडी कशी चालवायची ते सविस्तर सांगतो, कारण तिथे पर्यटकांचे अपघात दुसऱ्या गाडीला धडकून कमी आणि एकट्याने उलटून जास्त होतात. सरळ, रिकामा रस्ता, समोर दहा किलोमीटरपर्यंत कोणी नाही, पाय आपोआप जड होतो. मग एक वळण येतं, किंवा वाळूचा पट्टा, किंवा तितराएवढं काहीतरी आडवं जातं, आणि माणूस स्टिअरिंग झटक्याने फिरवतो. गाडी तिथेच उलटते. डिचोली-सत्तरीकडच्या लाल धुळीच्या रस्त्यांवर आम्हाला जुने ड्रायव्हर सांगायचे, ‘सुट्या खडीवर गाडीला हुकूम करू नको, सांगून बघ.’ ब्रेक हळूहळू दाबायचा, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आधीच्या गाड्यांच्या चाकांनी साफ झालेले पट्टे धरून चालायचं. फोर बाय फोर असेल तर खडीवर ती लावूनच ठेवायची, पकड सुधारते. दिवे दिवसाही चालू. समोरून गाडी आली तर तिच्या मागे धुळीची भिंत असते, त्या भिंतीत काय आहे ते दिसत नाही. वेग कमी करून डावीकडे सरायचं आणि धूळ बसेपर्यंत तसंच जायचं. लहान जनावर आडवं आलं तर स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक लावायचा. ऐकायला निर्दय वाटेल, पण मागे मुलगा आणि आई बसलेली आहे.

टायरमधली हवा हा तिथला अर्धा अभ्यास. खडीवर हवा डांबरापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे टायर दगडाला थोडं झेलतो, फाटत नाही. किती कमी ते गाडी आणि वजन बघून गाडीवाला सांगेल, ते आकडे डांबर, खडी आणि वाळू असे तीन वेगळे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद डॅशबोर्डवर चिकटवा. हवा मोजायचं मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीत आहे का बघा. परत डांबरावर आलात की हवा वाढवायची, आळस करायचा नाही. स्पेअर टायर दोन मागा. एक आहे म्हणाले तर दुसऱ्यासाठी अडून बसा.

हे मी इतकं का सांगतो ते ऐका. २०१८ साली सोलिटेअरहून वॉल्विस बेकडे सी १४ रस्त्याने निघालो होतो. कुइसेबच्या घाटाच्या अलीकडे मागच्या डाव्या चाकातून सूं असा आवाज आला आणि गाडी बसली. टायरच्या बाजूच्या भिंतीला बोटभर चीर, दगड वस्तऱ्यासारखा लागला होता. जॅक लावला तर तो खडीत रुतायला लागला. एक इंच गाडी वर, एक इंच जॅक खाली. पंधरा मिनिटं मी तेच करत होतो, ऊन डोक्यावर. मग बायकोने स्वयंपाकाच्या पेटीतून भाजी चिरायचा जाड लाकडी पाट काढून दिला. तो जॅकखाली सरकवला आणि गाडी उचलली गेली. चाकाचे नट मात्र यंत्राने आवळलेले होते, पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा पहिला सुटला. तेवढ्यात समोरून आलेली गाडी न सांगता थांबली. एक शेतकरी जोडपं होतं. त्याने लांब पाइप काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि उरलेले नट पाच मिनिटांत सुटले. तिथे रस्त्यात थांबलेली गाडी बघून कोणी पुढे जात नाही. तुम्हीही जाऊ नका.

ज्याने मला ती गाडी दिली त्याने स्पेअर दाखवला होता, पण जॅक आणि पाना दाखवला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. रोज गिऱ्हाइकाला गाडी देणारा माणूस मी, माझ्याकडून हे व्हायला नको होतं. तेव्हापासून माझ्या काउंटरवर मी प्रत्येकाला डिकी उघडून तिन्ही वस्तू हातात देतो. तुम्ही तिथे गाडी घ्याल तेव्हा यजमानांना एक चाक खरोखर उचलून बघायला सांगा. वीस मिनिटं जातील. गाडीवाला चांगला असेल तर त्याला राग येणार नाही, उलट गिऱ्हाईक जाणतं आहे म्हणून तो बाकीच्या गोष्टीही नीट सांगेल.

काउंटरचा विषय निघालाच आहे तर बाकीचं. गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा, काचेवरचे बारीक टिपकेसुद्धा, कारण खडीने काच उडणं तिथे रोजचं. विम्यात तीन गोष्टी नाव घेऊन विचारा: टायर आणि काच धरली आहे का, गाडी एकटीच उलटली तर काय, आणि वाळूच्या वादळाने रंग खरवडला तर काय. उत्तर तोंडी नको, करारात बोट ठेवून दाखवायला सांगा. अनामत क्रेडिट कार्डावर अडकवतात आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. तुम्ही दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीत, नाहीतर ज्याचं नाव नाही त्याच्या हातून खरचटलं तरी सगळं तुमच्या अंगावर. आपलं गोव्याचं लायसन्स इंग्रजीत आहे, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो. रस्त्यावर पोलिसांचे नाके असतात, कागद नीट असले की हसून सोडतात. शहरात चारही बाजूंना थांबा-पाटी असलेले चौक लागतील. तिथे पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला तो आधी जातो. आपल्याला याची सवय नाही, पहिल्या दिवशी लक्ष ठेवा.

टाकी अर्धी झाली की भरायची, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहायचं नाही. सेस्रियमहून स्वाकोपमुंडकडे जाताना सोलिटेअर सोडलं की वॉल्विस बेपर्यंत, म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त, पंप नाही. रोख पैसे जवळ असू द्या. दक्षिण आफ्रिकेचे रँड तिथे चालतात, भाव एकास एक, पण नामिबियन डॉलर बाहेर कोणी घेत नाही, निघण्याआधी संपवा. माणशी पाच लिटर पाणी गाडीत कायम. फोनला गावाबाहेर रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि एक कागदी नकाशाही घ्या. एतोशाहून दक्षिणेला येताना एका कुंपणाच्या नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात, गुरांच्या रोगामुळे. तुमच्या घरात सासूबाई शाकाहारी असतील तर प्रश्नच नाही. माझ्या आईसाठी आम्ही कुळथाचं पीठ आणि आमसुलं नेली होती, संध्याकाळी गरम पिठी-भात मिळाला की तिचा दिवस सार्थकी लागायचा.

स्वाकोपमुंडहून एक दिवस केप क्रॉसला जा, उत्तरेकडे सव्वाशे किलोमीटर. सीलची हजारोंची वस्ती आहे, वास सहन होत नाही, नाकाला रुमाल लागेल. मी तुम्हाला पाठवतो ते तिथल्या दगडी क्रॉससाठी. पंधराव्या शतकाच्या शेवटी दिओगो काँव नावाच्या पोर्तुगीज खलाशाने तो तिथे रोवला, भारताची वाट शोधणाऱ्यांच्या आधीच्या फळीतला तो. मूळ खांब १८९३ साली जर्मनीला नेला, आता आहे ती प्रतिकृती. खाली दक्षिणेला, ओरान्यमुंडजवळच्या हिऱ्यांच्या खाणीत २००८ साली एक पोर्तुगीज जहाज वाळूखाली सापडलं, सोन्याची नाणी आणि तांब्याच्या लगड्यांसकट. १५३३ साली लिस्बनहून भारताकडे निघालेलं ‘बॉम जेझस’ ते हेच, असं अभ्यासक मानतात. जुन्या गोव्यातल्या बॅसिलिकेचं नावही तेच. आपल्याकडे यायला निघालेलं एक जहाज त्या किनाऱ्यावर संपलं, हे मुलाला तिथे समुद्राकडे बघत सांगा.

शेवटी एतोशा, कारण तिथे सासूबाईंना सगळ्यात जास्त मिळणार आहे. उद्यान २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे सहा गोवे. मधलं पांढरं खारं मैदानच आपल्या अख्ख्या राज्यापेक्षा मोठं. आगरवाड्याची मिठागरं डोळ्यांसमोर आणा आणि क्षितिजापर्यंत ताणा. आत वेग ६० च्या खाली, सूर्यास्ताच्या आत छावणीत, आणि गाडीतून खाली उतरायचं नाही. हत्ती रस्त्यात असेल तर इंजिन चालू ठेवून लांब थांबा, तो जाईल तेव्हा जाईल. सप्टेंबरात बाकी पाणी आटलेलं असतं, म्हणून सगळी जनावरं पाणवठ्यांवर येतात. दिवसभर फिरत बसू नका, एका पाणवठ्यावर दोन तास गाडी बंद करून थांबा.

तीनपैकी दोन रात्री ओकाउकुएजोच्या छावणीत घ्या आणि खोली आजच बघायला लागा, त्या महिन्यात लवकर भरतात. छावणीच्या कुंपणाला लागूनच पाणवठा आहे, रात्री त्यावर मंद पिवळा दिवा असतो, अलीकडे बसायला बाकं आहेत. शाल घेऊन सासूबाईंना तिथे बसवा, रात्री गारठा पडतो. २०२३ साली माझी आई तिथे साडेसात ते दहा बसून होती. कोणी बोलत नाही, मुलंसुद्धा. नऊच्या सुमारास अंधारातून काळा गेंडा आला, पाण्याच्या काठाशी थांबला, बराच वेळ नुसता हुंगत राहिला आणि मग प्यायला लागला. पाणी पितानाचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. आईने माझा हात धरला होता, तो गेंडा परत अंधारात गेला तरी सोडला नाही.